सॉरी शक्तिमान, बियो आमच्यो न्हय

मुलांच्या टीव्हीवरच्या गावात खोट्याचं आयुष्य फार तर बावीस मिनिटांचं असतं. सुरुवातीला पोरगं खोटं बोलतं, पहिल्या जाहिरातीपर्यंत ते पचतं, दुसऱ्या जाहिरातीपर्यंत त्याला घाम फुटतो आणि शेवटच्या दोन मिनिटांत सगळा गाव गोळा होऊन, मागे बासरी वाजून, त्याला उपरती होते. खरं बोलल्याबद्दल त्याला लगेच, रोख आणि सर्वांसमक्ष काहीतरी मिळतं. लाडू, सायकल, राजाच्या गळ्यातला हार, अगदीच काही नाही तर आईची मिठी. उधारी नाही. आमच्या मालवण किनाऱ्यावर चहाची उधारी फिटायलाही जिथे नारळीपौर्णिमा उजाडावी लागते, तिथल्या पोरांना हा रोखीचा व्यवहार बघून काय वाटत असेल, याचा विचार कार्यक्रम करणाऱ्यांनी केलेला दिसत नाही.

आणि मधल्या जाहिराती! गोष्टीत सांगतात खोटं बोलू नये, आणि गोष्ट थांबली रे थांबली की दुधात पावडर घालून प्यायलेलं पोरगं महिनाभरात दाराच्या चौकटीला टेकतं. वाडीतल्या एका नातवाने हे मनावर घेऊन पडवीच्या खांबावर कोळशाने खूण केली. डबा संपला, खूण तिथेच. त्याने आजीला विचारलं, "आजये, हेंनी खोटा सांगल्यानी, मगे ह्येंका शिक्षा कोण करतलो?"

आजी निवडत असलेल्या तांदळावरून नजर न काढता म्हणाली, "ता फुडच्या भागात दाखयतले."

महाराष्ट्रात टीव्ही आला तोच मुळी 2 ऑक्टोबर 1972 ला, मुंबईत, म्हणजे नेमका गांधीजयंतीला. ज्या माणसाने आत्मचरित्राला सत्याचे प्रयोग म्हटलं, त्याच्या वाढदिवशी जन्मलेल्या यंत्राला खरेपणाविषयी चार शब्द बोलणं भागच होतं. मुंबई दूरदर्शनवर मुलांसाठी 'किलबिल' असायचं. इकडे किनाऱ्यावर टीव्ही पोचायला बरीच वर्षं गेली, आणि पोचला तोही आधी अँटेनाच्या रूपाने. नव्वदच्या आसपास 'गोट्या' ही मालिका आली. ना. धों. ताम्हनकरांचा गोट्या, दिग्दर्शक राजदत्त. हुशार, सरळमार्गी, कुणाचा पैसा बुडवणार नाही असा पोरगा. तो बघायला आत माजघरात दहा पोरं, खिडकीत एक आणि कौलांवर एक. कौलांवरचा अँटेना धरून उभा असला की चित्र स्वच्छ दिसायचं. त्याने हात सोडला की गोट्याच्या तोंडावर मुंग्या.

"इला काय रे?" वरून आवाज यायचा.

"नाय अजून! तसोच रव!"

आत दहा जण गोट्याचा सरळपणा डोळे भरून बघतायत, आणि वरचा बिचारा मालिका संपेपर्यंत चित्र यायची वाट बघत उभा. आमच्या पिढीने प्रामाणिकपणाचे धडे घेतले ते हे असे.

त्या काळात मधूनमधून 'एक अनेक और एकता' लागायचं. विजया मुळे यांनी 1974 साली केलेली ही छोटी चित्रफीत आमच्या वयाच्या सगळ्यांना पाठ. जाळ्यात अडकलेले पक्षी एकजुटीने जाळ्यासकट उडून जातात आणि उंदीर जाळं कुरतडून त्यांना सोडवतात. देशभरातल्या मुलांनी यातून एकीचं बळ घेतलं. आमच्याकडे मात्र खोलीत एखादा तरी रापणकार बसलेला असायचा आणि त्याचं लक्ष पक्ष्यांकडे नसायचंच. "जाळा फाडल्यानी मेल्यांनी! सूत काय फुकट गावता?" पक्षी सुटले हे बरं झालं, पण पारध्याची नुकसानभरपाई कोण देणार, यावर तो पुढच्या बातम्यांपर्यंत बोलत राही. पारधी वाईट होता हे त्याला मान्य होतं. जाळं वाईट नव्हतं, एवढंच त्याचं म्हणणं. या चित्रफितीत प्रामाणिकपणाचाही एक प्रश्न दडलेला आहे हे मला तेव्हा कळलं, आणि त्याचं उत्तर मला अजून कुणी दिलेलं नाही.

चित्र दाखवून गोष्ट सांगायची कला आम्हाला टीव्हीने शिकवली, असं मात्र कुणी समजू नये. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाचे कलाकार चित्रकथी सांगत आले आहेत. एकेक चित्र पुढे धरायचं आणि रामायण-महाभारतातला प्रसंग गाऊन, बोलून उभा करायचा. चित्रांच्या एका संचाला ते पोथी म्हणतात. कळसूत्री बाहुल्याही त्यांच्याच. तिथल्या परशुराम गंगावणे यांना 2021 साली पद्मश्री मिळाली. त्यांनी घरच्या गोठ्याचं संग्रहालय केलं आहे. या जुन्या टीव्हीची एक सोय होती. रावण साधूच्या वेषात दारात आला की समोरचं पोरगं मध्येच विचारू शकत होतं, "मगे सीतेक कळला कशा नाय?" आणि सांगणाऱ्याला थांबून काहीतरी उत्तर द्यावं लागत होतं. आताच्या पडद्याला प्रश्न विचारला तर तो बिस्किटं दाखवतो.

1985 मध्ये रामानंद सागरांची 'विक्रम और बेताल' आली आणि आमच्याकडे वेगळाच पेच पडला. इतरांच्या लेखी बेताल म्हणजे झाडाला लोंबकळणारं भूत. आमच्याकडे तो देव. वेंगुर्ले तालुक्यातल्या आरवलीच्या श्री देव वेतोबाला नवसाच्या भल्यामोठ्या चामडी चपला वाहतात, केळ्यांचे घड वाहतात. रात्री देव राखणीला फिरतो आणि म्हणून चपला झिजतात, अशी श्रद्धा. त्या देवाला कुणीतरी राजा पोत्यासारखा खांद्यावर टाकून नेतोय हे बघून म्हाताऱ्या माणसांनी कानांना हात लावले. "देवाक खांद्यार घालून व्हरता? आनि चपला खय?"

पण खऱ्या बोलण्याची किंमत सरळ सांगून टाकणारा मुलांचा कार्यक्रम मी पाहिला तो तेवढाच. बेतालाची अट आठवा. उत्तर ठाऊक असून गप्प बसलास तर डोक्याची शकलं होतील, आणि बोललास तर मी पुन्हा झाडावर. राजा दर वेळी खरं बोलतो आणि दर वेळी हातातोंडाशी आलेलं काम जातं. पुन्हा स्मशान, पुन्हा झाड, पुन्हा ओझं. दाखल्याच्या अर्जात खरं उत्पन्न लिहिणाऱ्या कुणालाही हा राजा जवळचा वाटेल.

मग 13 सप्टेंबर 1997 ला शक्तिमान आला आणि 2005 पर्यंत गरगरत राहिला. गोष्ट संपली की 'छोटी छोटी मगर मोटी बातें'. पडद्यावरचं पोरगं काहीतरी उपद्व्याप करायचं, मुकेश खन्ना समोर उभे राहून समजावायचे आणि पोरगं मान खाली घालून म्हणायचं, "सॉरी शक्तिमान." एवढ्या दोन शब्दांत सगळं मिटतं, हे वाडीतल्या पोरांच्या लक्षात यायला दोन रविवार पुरले. परसातला नारळ पाडला? सॉरी शक्तिमान. प्रगतिपुस्तकावर बापाची सही स्वतःच ठोकली? सॉरी शक्तिमान. ज्याचा माल गेला तो राहिला बाजूलाच. एका नारळवाल्या आजोबांनी पोराचा कान धरून हा मुद्दा अचूक मांडला होता, "सॉरी तेका सांगलंस, पण नारळ माझो गेलो!"

तरीही माझं मत शक्तिमानच्या बाजूने आहे. त्याने लाडू दिला नाही, सायकल दिली नाही, नुसती चूक कबूल करून घेतली. आमच्याकडे ज्याला कुणाकडून चूक कबूल करून घ्यायची असेल त्याला देवळाची पायरी चढावी लागते. गावकर देवापुढे उभा राहून गाऱ्हाणं घालणार, चुकल्यामाकल्याचा हिशेब मांडणार, आणि प्रत्येक वाक्यामागे जमलेली मंडळी "व्हय म्हाराजा!" म्हणणार. तरीही कोण खरं आणि कोण खोटं ठरेना, तर देवाला पाकळ्या लावून कौल घ्यायचा. उजवीकडची पाकळी पडली तर एकाचं खरं, डावीकडची पडली तर दुसऱ्याचं. हरलेला माणूस घरी जाताना वारा कुठून येत होता याची चौकशी करतो, पण देवाला खोटं म्हणत नाही. शक्तिमानपाशी फक्त गरगर फिरण्याची शक्ती होती. मागे "व्हय म्हाराजा" म्हणायला चार माणसं असती, तर तो आणखी टिकला असता.

त्याच सुमारास शाळांमधून मूल्यशिक्षण सुरू झालं. सकाळच्या परिपाठात सुविचार, दिनविशेष आणि बोधकथा. दहा मूल्यं ठरली आणि वऱ्हांड्याच्या भिंतींवर रंगवली गेली. वक्तशीरपणा, नीटनेटकेपणा, श्रमप्रतिष्ठा, सौजन्यशीलता, संवेदनशीलता, वैज्ञानिक दृष्टिकोन, राष्ट्रभक्ती, राष्ट्रीय एकात्मता, सर्वधर्मसहिष्णुता, स्त्री-पुरुष समानता. ही यादी मी वरून खाली आणि खालून वर वाचली आहे. तीत प्रामाणिकपणा नाही. बाकीची दहा आली की अकरावा आपोआप येतो, असा तज्ज्ञांचा हिशेब असावा. पोरांनी त्यातून घ्यायचं ते घेतलं. खोटं बोलायचं झालं तर वेळेवर, नीटनेटकं आणि सौजन्याने बोलावं.

आता हे खातं कार्टूनकडे आहे. 2008 मध्ये 'पोगो'वर छोटा भीम आला. भीम गुणी, शूर, दुबळ्यांच्या मदतीला धावणारा. पण त्याचं बळ लाडवांत, आणि लाडू टुनटुन मावशीच्या दुकानातले, बहुतेक वेळा न विचारता उचललेले. मावशी लाटणं घेऊन मागे धावते आणि सगळे हसतात. जपानचा नोबिता शून्य मार्कांचा पेपर आईपासून लपवण्यात अर्धं आयुष्य घालवतो. डोरेमॉनच्या पोटातल्या पिशवीतून विसाव्या शतकात नसलेली यंत्रं निघतात, पण पेपर आईला दाखवायचं धैर्य देणारं यंत्र निघालेलं मी तरी पाहिलं नाही. मोठ्यांनी यावर नाक मुरडू नये. 2016 मध्ये 'रात्रीस खेळ चाले' सुरू झालं, सावंतवाडीजवळच्या आकेरीत त्याचं चित्रीकरण झालं, आणि पुढे अण्णा नाईकांसारखा पाताळयंत्री माणूस अख्ख्या महाराष्ट्राने डोक्यावर घेतला. त्यांचा वाडा बघायला लोक गाड्या करून येऊ लागले. राजा हरिश्चंद्राचं घर बघायला कुणी ट्रॅव्हल्स केल्याचं ऐकिवात नाही.

यूट्यूबवर मात्र प्रामाणिकपणाचा महापूर आहे. मराठी बोधकथा, एकामागून एक, न थांबता. चित्रातल्या माणसांचे ओठ हलतात ते शब्दांशी काही संबंध नसल्यासारखे. आवडती गोष्ट म्हणजे प्रामाणिक लाकूडतोड्या. मे महिन्याच्या दुपारी, लाईट जाऊन आल्यानंतर, ही गोष्ट एक आजी आणि तिचा नातू पडवीत बघत होते. मी पेपर वाचायच्या निमित्ताने बसलो होतो.

"आजये," नातू म्हणाला, "देवीक म्हायत नाय काय, कुराड खयची ता?"

"म्हायत आसा."

"मगे सोन्याची दाखवन 'ही तुजी काय' म्हणान कित्याक इचारता?"

"बघूक."

"म्हंजे पयला खोटा देवीच बोलली."

"गप रव मेल्या. देवीक नावा ठेव नको."

पुढे लाकूडतोड्या खरं बोलला, देवी प्रसन्न झाली, तीनही कुऱ्हाडी त्याला मिळाल्या, बासरी वाजली. नातू पुढच्या गोष्टीवर गेला. आजी मात्र तिथेच थांबली होती. थोड्या वेळाने ती माझ्याकडे वळून म्हणाली, "सोन्याची कुराड घेवन घराक गेलो तर बायलेक काय सांगतलो? नदीतल्या बाईन दिल्यान म्हणान?"

या प्रश्नावर जगात कुठे संशोधन झालेलं नाही. पण बोधकथांनी मुलं खरं बोलायला लागतात का, यावर झालं आहे. टोरांटो विद्यापीठातल्या कांग ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2014 मध्ये तीन ते सात वर्षांच्या मुलांवर प्रयोग केला. मुलाच्या पाठीमागे खेळणं ठेवायचं, वळून बघू नकोस म्हणायचं आणि मोठ्या माणसाने खोलीबाहेर जायचं. मुलं बघणारच. मग परत येऊन एक गोष्ट वाचून दाखवायची आणि विचारायचं, बघितलंस का? खोटं बोलून नाक लांबणारा पिनोकियो ऐकलेली मुलं आणि 'लांडगा आला रे आला' ऐकलेली मुलं, दोन्ही खोट्याशी संबंध नसलेली गोष्ट ऐकलेल्या मुलांइतकीच खोटं बोलली. पोराला लांडग्याने खाल्लं काय आणि नाक लांबलं काय, शिक्षेच्या गोष्टींचा परिणाम शून्य. (आमच्या पंचक्रोशीत ही गोष्ट तशीही चालत नाही. इथे कुणी "बिबट्या इलो" म्हणून ओरडलं, तर तो खरंच आलेला असतो.) परिणाम झाला तो जॉर्ज वॉशिंग्टनच्या गोष्टीचा. पोराने चेरीचं झाड तोडलं, बापाला खरं सांगितलं आणि बापाने शाबासकी दिली. ही गोष्ट ऐकलेली मुलं जास्त खरं बोलली. म्हणजे टीव्हीवाल्यांचा रोखीचा व्यवहार अगदीच चुकीचा नाही. पण गंमत पुढे आहे. वॉशिंग्टनची ही चेरीची गोष्ट चरित्रकार पार्सन वीम्स याने 1806 च्या आवृत्तीत घातली, आणि ती त्याने पदरची रचली असं आज सगळे मानतात. मुलांना खरं बोलायला लावणारी जगातली सिद्ध झालेली गोष्ट ही एक थाप आहे.

दुसरा एक प्रयोग मला त्याहून आवडतो. 2008 मध्ये अमेरिकेतल्या मेअर्स आणि अकोस्टा या संशोधकांनी बालवाडीतल्या मुलांना क्लिफर्ड नावाच्या लाल कुत्र्याचं कार्टून दाखवलं. त्यात एक तीन पायांचा कुत्रा येतो, आधी सगळे त्याला टाळतात आणि शेवटी आपलंसं करतात. जो वेगळा आहे त्यालाही सामावून घ्या, असा बोध. भाग संपल्यावर मुलांना विचारलं, काय शिकलात? तर बऱ्याच मुलांच्या मते बोध असा होता की तीन पायांच्या कुत्र्याशी चांगलं वागावं. पडद्यावरचा बोध पोरं शब्दशः घेतात, हे कार्यक्रम करणाऱ्यांना सांगितलं पाहिजे. मालवणी पोरं तर वकिलासारखी घेतात.

त्यात आमच्याकडचं वातावरण. जिकडे बघावं तिकडे पाटी, 'अस्सल'. अस्सल मालवणी, अस्सल घरगुती, अस्सल आगळ. डॉल्फिन दिसतील का विचारलं तर होडीवाला "दिसतले तर!" म्हणतो आणि न दिसल्यास "आत्ताच गेले" म्हणतो. हापूसला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तरी परराज्यातला आंबा देवगडच्या पेटीत बसून मुंबईला जायचा थांबेना. शेवटी 2025 च्या हंगामात देवगडच्या बागायतदारांच्या संस्थेने फळाफळावर नंबराचा स्टिकर आणला. आपण खरे आहोत हे आंब्यालाही दाखवून द्यावं लागतं. तेव्हा दुसरीतल्या पोराकडून फार अपेक्षा ठेवू नये. आणि नेमकी त्यानेच ती पुरी केली, म्हणून वाडीत जो गोंधळ झाला, तो सांगतो.

काजूचा हंगाम हा पोरांच्या कमाईचा हंगाम. झाडाखाली पडलेला बोंडू उचलायचा, पिळवटून बी वेगळी करायची आणि चड्डीच्या खिशात टाकायची. खिसा भरला की दुकानात जाऊन पेप्सी घ्यायची, प्लॅस्टिकच्या नळीतली, जीभ लाल करणारी. दुकानदार पोरांच्या बिया तोलत नाही, मुठीने मोजतो, आणि मूठ त्याची असते. बोंडवाचा डाग कपड्यावरून सहसा जात नाही, त्यामुळे काजू कुणी चोरले हे धुणं धुणाऱ्या आईला सगळ्यात आधी कळतं. ती बोलत नाही, कारण तिच्या लहानपणचे डाग तिला आठवत असतात.

तर वाडीत दोन चुलत घरं. मध्ये गडगा. गडग्याला चिकटून वेंगुर्ला-सात जातीचं काजूचं कलम, टपोऱ्या बियांचं. बुंधा नक्की कुठल्या अंगाला, यावरून कोर्टात दावा. दाव्याचं वय पोराच्या वयापेक्षा जास्त. दोन्ही घरांत बोलणं बंद, ताटवाटी बंद, चवथीला आरतीही वेगवेगळी. अशात या पोराने एका कार्टूनमध्ये बघितलं की सापडलेली वस्तू ज्याची त्याला नेऊन द्यावी. तो सकाळी उठला, कलमाखालच्या बिया वेचल्या, ओंजळ भरून गडगा ओलांडला आणि चुलत काकांच्या खळ्यात जाऊन उभा राहिला.

"काकानू, ह्यो बियो तुमच्यो. माका गावल्यो."

काकांच्या हातातला चहाचा कप तोंडाशी जाता जाता थांबला. त्यांना आधी बियांचा अर्थ लागला आणि मग दाव्याचा. "गे, भायर ये!" त्यांनी बायकोला हाक मारली. "कलम आमचा म्हणान तेंचोच झील सांगता!" मग मोबाईल आला. "परत एकदा बोल हां बाळा. बियो कोणाच्यो?" पोराने कार्टूनमधल्यासारखे हात पसरून, मोठ्या आवाजात, कॅमेऱ्याकडे बघत सांगितलं. काकांनी त्याची पाठ थोपटली आणि दहा रुपये दिले. शाबासकी आणि रोख. टोरांटोत याहून वेगळं काही केलं नव्हतं.

तिकडे घरात आकांत. बापाने कपाळावर हात मारला, "घराण्यात हरिश्चंद्र तेवढो कमी होतो, तो इलो!" वकिलांना फोन गेला. त्यांनी पोराचं वय विचारलं, शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं की घाबरायचं कारण नाही, पण पुढच्या तारखेपर्यंत त्याला टीव्ही बघू देऊ नका. पोराला रागवायचं तर कशाबद्दल, हे कुणाला सुचेना. खरं बोललास म्हणून मारलं, असं शेजारीपाजारी सांगितलं तर तोंड दाखवायला जागा नाही. शेवटी आजीने त्याला मांडीवर घेतलं आणि घराण्याचं धोरण समजावलं, "खरा बोलाचा रे बाळा, पण गडग्याच्या अल्याड."

पोराने ऐकून घेतलं, पण त्याचं डोकं दहा रुपयांत अडकलं होतं. दुकानदार तेवढ्या बियांना एक पेप्सी देतो, काका दोन पेप्सींचे पैसे देतात. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा काकांच्या खळ्यात. काकांना नाही म्हणवेना, कारण व्हिडीओ जितके जास्त तितका दावा भक्कम. तिसऱ्या दिवशी त्याच्याबरोबर आणखी चार पोरं. आठवडाभरात सगळी वाडी रांगेत. प्रत्येकाच्या ओंजळीत बिया, प्रत्येकाच्या तोंडी तेच वाक्य. एवढ्या बिया एका कलमाला लागतात कशा, याचं गणित काकूंनी मांडलं. त्या मागच्या बागेत जाऊन बघून आल्या तर त्यांच्याच काजूंखाली एक बी शिल्लक नव्हती. "आपल्याच बियो इकत घेतात तुमी? डोक्यार पडलात काय?"

काकांनी बक्षीस बंद करायचं ठरवलं. सकाळी पोरं आली तेव्हा ते खळ्यात उभे राहून म्हणणार होते की नको मला त्या बिया, जा घेऊन. तोंड उघडलं तेवढ्यात त्यांचं लक्ष गडग्याकडे गेलं. पलीकडे पोराचा बाप मोबाईल धरून उभा होता, रेकॉर्डिंग चालू करून.

"बोला भाऊनू," तो अदबीने म्हणाला, "बियो तुमच्यो न्हय मां?"

काकांनी खिशात हात घातला आणि सुटे काढले. मे महिन्यात सगळे आंबेवाले पाऊस लांबावा म्हणून रवळनाथापुढे गाऱ्हाणं घालत होते. तो लवकर यावा म्हणून सांगणारे काका एकटेच. आणि त्यांच्या गाऱ्हाण्यामागे "व्हय म्हाराजा" म्हणायला कुणी उभं राहिलं नाही.